ज्यांनी आपल्याला हरवलं, ते सिनेमे पाहा

‘लगान’ ऑस्करला हरला, हे आपल्या नागपुरात कोणत्याही पानठेल्यावर उभ्या असलेल्या माणसाला माहीत असतं. कोणाकडून हरला, ते विचारून पाहा. बहुतेक जण गप्प बसतील आणि एखादा ‘तिकडलं राजकारण असते ना भाऊ ते सगळं’ म्हणत खर्रा घोटत राहील.

बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ने हरवलं. मार्च २००२ मध्ये. आपण तेव्हा इतके चिडलो होतो, की ज्याने हरवलं तो सिनेमा एकदा पाहावा असं फारसं कोणाच्या मनातही आलं नाही. क्रिकेटमध्ये आपण असं करत नाही. ज्या बॉलरने आपली दांडी उडवली त्याचा रनअप, त्याची मनगटं, त्याचं गाव, सगळं पाठ असतं आपल्याला.

ही पोस्ट त्यावरूनच आहे. ‘परदेशी सिनेमे पाहायचे आहेत, कुठून सुरू करू?’ असं ऑफिसातली पोरं मला अधूनमधून विचारतात. उत्तर म्हणून इंटरनेटवरच्या ‘जगातले शंभर सर्वश्रेष्ठ’ छाप याद्या पुढे करायला मला आवडत नाही. त्या याद्यांत पहिल्या पाचातच एखादा तीन तासांचा कृष्णधवल सिनेमा असतो. बाहेरगावहून आलेल्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी सावजीचा झणझणीत रस्सा वाढावा, तसला प्रकार. पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. माझी यादी वेगळी आहे आणि ती खुन्नशीवर चालते. भारताने ऑस्करला जे जे सिनेमे पाठवले, त्यांना त्या त्या वर्षी कोणी मागे टाकलं ते काढा, आणि ते पाहा. मनात राग असला की माणूस लक्ष देऊन पाहतो. ‘आमच्या सिनेमात काय कमी होतं?’ असं म्हणत बसा, चालेल. पण बसा.

ऑस्कर म्हणजे काही देवाच्या घरचा तराजू नाही, हे मलाही कळतं. पैसा लागतो, जाहिरात लागते, अमेरिकेतल्या वितरकाचा हात पाठीवर लागतो. तरीसुद्धा ही यादी विलक्षण निघते. मुद्दाम करायला बसलो असतो तर मला इतकी चांगली जमली नसती.

आता ‘नो मॅन्स लँड’. दानिस तानोविचचा हा पहिलाच कथापट. नव्वदच्या दशकातल्या बोस्नियाच्या युद्धात तिथली राजधानी साराजेव्होला वेढा पडला होता तेव्हा हा माणूस बोस्नियाच्या सैन्यासोबत कॅमेरा घेऊन फिरत होता, म्हणजे ऐकीव माहितीवर सिनेमा काढलेला नाही. गोष्ट एवढीशी: दोन फौजांच्या मधल्या खंदकात एक बोस्नियन आणि एक सर्ब शिपाई अडकलेत. तिसरा एक जण पडलेला आहे आणि त्याच्या पाठीखाली सुरुंग ठेवलाय. तो उठला की सगळे उडणार. पावणेचार तासांच्या ‘लगान’समोर हा सिनेमा शंभर मिनिटांचाही नाही.

त्यातली एक जागा मी कित्येकांना सांगितली आहे. युद्ध कोणी सुरू केलं यावरून दोघांची जुंपते. ज्याच्या हातात बंदूक, तो दुसऱ्याला विचारतो, ‘सांग, कोणी सुरू केलं?’ समोरचा मुकाट्याने म्हणतो, ‘आम्ही.’ थोड्या वेळाने बंदूक या हातातून त्या हातात जाते. तोच प्रश्न, तेच उत्तर, फक्त माणसं बदललेली. थिएटरात हसू येईल असं दृश्य आहे हे. मग पुढे त्याच दोघांना कळतं, की बान्या लुका शहरातली एक मुलगी दोघांच्याही ओळखीची आहे, एकाची वर्गमैत्रीण आणि दुसऱ्याची प्रेयसी. आणि क्षणभर दोन्ही शत्रू गावाकडच्या गप्पा मारायला लागतात. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो, की ‘लगान’मध्ये शेवटच्या चेंडूवर आपण खुर्चीतून उठतो आणि इथे शेवटी उठवत नाही.

परदेशी सिनेमाच्या ऑस्करसाठी प्रत्येक देश एकच सिनेमा पाठवतो आणि त्यांतून शेवटी पाच निवडतात. त्या वर्षीच्या शेवटच्या पाचात आणखी तीन होते. फ्रान्सचा ‘अमेली’ बऱ्याच जणांनी पाहिला असेल. देखणा आहे, माझ्या चवीला जरा गोड. नॉर्वेचा ‘एलिंग’ म्हणजे मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या दोन मित्रांची गोष्ट. सरकार त्यांना ओस्लोत फ्लॅट देतं आणि फोन उचलणं, कोपऱ्यावरच्या दुकानात जाणं हीच त्यांच्यासाठी मोहीम होऊन बसते. आणि अर्जेंटिनाचा ‘सन ऑफ द ब्राइड’. यात म्हाताऱ्या आईला अल्झायमर झालाय. बापाने तरुणपणी तत्त्वापायी चर्चमध्ये लग्न करायला नकार दिला होता. आता आयुष्याच्या शेवटी त्याला तिची ती राहिलेली इच्छा पुरी करायची आहे, आणि चर्च म्हणतं, बाईला भान नाही, तिची संमती कशी धरायची? मुलाचं रेस्टॉरंट आहे, कर्ज आहे, घटस्फोट आहे, कानाला फोन चिकटलेला आहे. माझ्या हातात असतं तर त्या वर्षीचं ऑस्कर मी ना बोस्नियाला दिलं असतं, ना ‘लगान’ला. मी ते या म्हाताऱ्या नवऱ्याला दिलं असतं. आता द्या शिव्या.

सबटायटल्सबद्दल लगेच बोलून घेतो, कारण पुढची तक्रार तीच येणार आहे. ‘वाचत बसू की पाहू?’ राजेहो, आपण नागपूरचे लोक. घरी मराठी, ऑटोवाल्याशी हिंदी, ऑफिसात इंग्रजी, आणि भांडण झालं की तिन्ही एकाच वाक्यात. एवढ्या भाषा एका वेळी कानावर झेलणाऱ्या माणसाला पडद्याखालच्या दोन ओळी जड जाव्यात? शिवाय कोरियन मालिकांनी कॉलेजातल्या पोरींना ही सवय कधीच लावून दिली आहे. अडून बसलेत ते माझ्या वयाचे लोक. हिंदी डब केलेलं मिळालं तरी शक्यतो घेऊ नका. ‘नो मॅन्स लँड’मध्ये बोस्नियन, फ्रेंच, इंग्रजी, जर्मन अशा भाषा एकमेकांवर आपटतात आणि कोणाचं कोणाला कळत नाही, हाच तर त्या युद्धाचा तमाशा आहे. सगळे एकाच स्टुडिओतल्या हिंदीत बोलायला लागले तर उरलं काय?

आईसोबत पाहताना मात्र मी सबटायटल्स मोठ्याने वाचतो, आमच्या घरच्या बोलीत. त्याचा किस्सा पुढे येईल.

भारत शेवटच्या पाचात आजवर तीनदाच पोचला आहे. ‘लगान’च्या आधी ‘मदर इंडिया’ आणि ‘सलाम बॉम्बे’.

‘मदर इंडिया’ला हरवलं इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ने, १९५८ साली. एका मताने हरला अशी कथा आपल्याकडे फार प्रेमाने सांगतात. अकॅडमी मतांची आकडेवारी जाहीरच करत नाही, त्यामुळे ती कथा ऐकावी आणि सोडून द्यावी. कॅबिरिया ही रोममधली रस्त्यावर उभी राहणारी बाई. सिनेमा सुरू होतो आणि काही मिनिटांत तिचा प्रियकर पर्स हिसकावून तिला नदीत ढकलून देतो. नर्गिसची राधा आणि ही कॅबिरिया एकाच वर्षी समोरासमोर उभ्या होत्या, हे लक्षात ठेवून पाहा. एकीवर सगळ्या गावाचा, सगळ्या देशाचा भार टाकलाय. ती मुलाला गोळी घालते आणि देवी होते. दुसरीला कोणी देवी करत नाही, ती वारंवार फसते, शिव्या देते, भुवया वाकड्या करून नाचते. फेलिनीची बायको जूलिएत्ता मासिना हिने ते काम केलंय आणि त्याबद्दल तिला फ्रान्सच्या कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. माझं मत विचाराल तर नर्गिस पाहताना मी नमस्कार करतो आणि मासिना पाहताना मला तिच्याशेजारी बसून चहा प्यावासा वाटतो. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, असं मला वाटतं. आमच्या घरात या मताला पाठिंबा नाही.

‘सलाम बॉम्बे’ला मागे टाकणारा डेन्मार्कचा ‘पेले द कॉन्करर’. गंमत म्हणजे १९८८ च्या कान महोत्सवात दोघेही होते: पेलेला सर्वोच्च पाम द’ऑर मिळालं आणि मीरा नायर यांना पहिल्या सिनेमासाठीचं कॅमेरा द’ऑर. म्हणजे ऑस्करच्या आधीच गाठ पडली होती. स्वीडनमधून म्हातारा बाप आणि लहान मुलगा बोटीने डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावर येतात, पोटासाठी. बाप बोटीवर पोराला सांगतोय, तिथे खूप पगार देतात, पोरांना काम नसतं, नुसतं खेळायचं. बंदरावर मजूर निवडायला आलेले शेतकरी यांच्याकडे पाहून पुढे जातात. बाप फार म्हातारा, पोरगा फार लहान. मॅक्स फॉन सिडोने तो बाप असा उभा केलाय, की त्याची फुशारकी ऐकतानाच आपल्याला त्याची भीती कळते. छत्तीसगडहून आपल्याकडे बांधकामावर येणारी कुटुंबं रोज पाहतो आपण, वीट-रेतीच्या ढिगावर खेळणाऱ्या त्यांच्या पोरांसकट. स्वीडन-डेन्मार्क म्हटलं की आपल्याला बर्फ, सायकली आणि श्रीमंती आठवते. एकोणिसाव्या शतकात तिथलाही मजूर असाच गाठोडं घेऊन परक्या धक्क्यावर उभा राहायचा, हे शाळेत काही आपल्याला शिकवलं नव्हतं.

आता हसण्याची जागा. १९९८ साली आपण ऑस्करला काय पाठवलं होतं माहीत आहे? ‘जीन्स’. शंकरचा तमिळ सिनेमा, ऐश्वर्या राय, जुळ्यांचा घोळ, आणि जगातल्या सात आश्चर्यांपुढे चित्रित केलेलं गाणं. गाणी छान आहेत, मी आजही ऐकतो. पण त्याच वर्षी इराणने ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ पाठवला होता. आपण सात आश्चर्यं पाठवली, त्यांनी एक जोडा पाठवला. बहिणीचे दुरुस्तीला नेलेले बूट भावाकडून हरवतात, बापाला सांगायची सोय नाही, म्हणून भावाच्याच एका जोडीवर दोघं शाळा करतात: ती सकाळची सुटली की पळत येते, गल्लीत बूट बदलतात, मग तो पळत सुटतो. एवढ्यावर माजिद मजीदीने दीड तास आपल्याला खिळवून ठेवलंय. ऑस्करच्या शेवटच्या पाचात पोचलेला तो पहिला इराणी सिनेमा.

हा आम्ही मे महिन्यात पाहिला, दुपारी, कूलर घरघरत असताना, त्यामुळे मला सबटायटल्स अक्षरशः ओरडून वाचावी लागत होती. शेवटी शर्यत आहे. तिसऱ्या नंबरला बूट मिळणार असतात, म्हणून अलीला तिसरं यायचं असतं. धक्काबुक्कीत तो पहिला येतो आणि रडायला लागतो. आई म्हणाली, ‘काऊन रडून राहिला रे तो? पहिला आला ना!’ मी काही बोलायच्या आत तिचं तिलाच उमगलं. ‘अगं बाई, बूट तं तिसऱ्याले होते!’ आणि पुढची दहा मिनिटं ती त्या गुरुजींवर चिडलेली, एक जोडा जास्तीचा द्यायला त्यांचं काय जात होतं म्हणून. फेलिनीच्या बाबतीत आमचं पटत नाही, पण मजीदी तिच्या दृष्टीने घरचा माणूस आहे.

मराठी सिनेमाचे पराभव तर आणखी जवळचे. २००४ मध्ये ‘श्वास’ गेला. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला मिळालेलं सुवर्णकमळ, संदीप सावंत यांचा पहिला सिनेमा, अमेरिकेत प्रचार करायला पैसे नाहीत म्हणून लोकांनी वर्गणी काढलेली. शेवटच्या पाचात आला नाही. जिंकला स्पेनचा ‘द सी इनसाइड’. तो पाहिल्यावर मी बराच वेळ उठलो नाही, कारण दोन सिनेमे एकमेकांशी बोलतात असं वाटत राहिलं. ‘श्वास’मध्ये पोराच्या डोळ्यात कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि डॉक्टरांचा आग्रह असा की हे पोराला आधी सांगितलं पाहिजे. ते आजोबांना जमत नाही. ‘द सी इनसाइड’ हा रामोन साम्पेद्रो या खऱ्या माणसावर आहे. तरुणपणी समुद्रात सूर मारताना मान मोडली, पुढे जवळजवळ तीन दशकं अंथरुणावर, आणि मरण्याचा अधिकार मिळावा म्हणून तो कोर्टात लढत राहिला. एकीकडे जगण्यासाठी केवढी किंमत मोजायची आणि दुसरीकडे नको असलेलं जगणं किती काळ वाहायचं. दोन्हीकडे मुद्दा हाच, की ज्याचं शरीर आहे त्याला कोणी विचारणार आहे का. आपल्याकडे अरुणा शानबाग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हा विषय हाताळला, त्याच्या कितीतरी आधी हा सिनेमा येऊन गेला होता. हाविएर बार्देम जवळजवळ पूर्ण वेळ फक्त मानेच्या वरच्या भागाने अभिनय करतो. ‘श्वास’ हरला म्हणून तेव्हा हळहळलेल्या प्रत्येकाने हा पाहायला हवा.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’च्या वर्षी जिंकला अर्जेंटिनाचा ‘द सीक्रेट इन देअर आइज’. दिग्दर्शक काम्पानेया, म्हणजे तोच ‘सन ऑफ द ब्राइड’वाला, आणि नायकही तोच, रिकार्दो दारिन. याबद्दल जास्त सांगणं म्हणजे मजा घालवणं. खुनाचा तपास आहे, सत्तरच्या दशकातली अर्जेंटिना आहे, जिथे पकडलेला गुन्हेगार सरकारच्याच कामाला लागू शकतो. फुटबॉलच्या भरल्या स्टेडियमवरून उतरत गर्दीत शिरणारा एक सलग शॉट आहे. परेश मोकाशींचा फाळके मला अतिशय आवडतो, पण या दोघांत निवड करणारा परीक्षक मला व्हायचं नव्हतं, एवढंच म्हणतो.

आणि आता ‘कोर्ट’. इथे मी थोडा पक्षपाती आहे, कारण यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. कवी, कार्यकर्ते, ‘विद्रोही’चे संपादक. शहरातल्या सभा-मोर्चांत ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. गाणं ऐकून एका गटार-कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप एका म्हाताऱ्या शाहिरावर ठेवतात, आणि खटला सरकतच नाही. चैतन्य ताम्हाणेचा तो पहिला सिनेमा.

२०१६ च्या ऑस्करला जिंकलेला हंगेरीचा ‘सन ऑफ सॉल’ हादेखील दिग्दर्शकाचा, लास्लो नेमेशचा, पहिलाच सिनेमा. आणि त्यात मुख्य काम करणारा गेझा रोरिग हाही मुळात कवी! दोन पोरांचे पहिले सिनेमे एकाच वर्षी ऑस्करला गेले, दोघांनीही व्यावसायिक नट सोडून एका कवीच्या चेहऱ्यावर भिस्त ठेवली, आणि पुढे मात्र दोघे अगदी उलट्या दिशांना गेले. ‘कोर्ट’चा कॅमेरा लांब उभा राहतो. हलत नाही. सगळी खोली दिसते, बाकांवर जांभया देणारे लोक दिसतात, मागचा पंखा दिसतो. कोणाकडे पाहायचं ते तुम्ही ठरवा. सरकारी वकीलबाई तोंडपाठ कलमं म्हणून दाखवते आणि मग लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णींनी तिला असं साधं ठेवलंय, की तिचा रागही करता येत नाही. ‘सन ऑफ सॉल’ घडतो १९४४ साली आउशवित्झमध्ये, नाझींच्या छळछावणीत. सॉल हा ज्यू कैदी, ज्याला आपल्याच लोकांना गॅस चेंबरकडे नेण्याच्या आणि नंतर प्रेतं उचलण्याच्या कामाला जुंपलंय. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याला, मानेला चिकटून राहतो, चौकट जवळजवळ चौकोनी, आणि मागे जे चाललंय ते धूसर. आपल्याला ते दिसत नाही, ऐकू येतं. एका मुलाच्या प्रेताला तो आपला मुलगा मानतो आणि त्या नरकात त्याला रीतसर दफन करण्यासाठी राब्बी, म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू, शोधत फिरतो. बस, एवढंच.

माणसं मारण्याची यंत्रणा दाखवायची तर एकाने दूर उभं राहून सगळं दाखवलं, दुसऱ्याने इतकं जवळ जाऊन जवळजवळ काहीच दाखवलं नाही. दोन्ही बरोबर. मला तर वाटतं फिल्म शिकणाऱ्या पोरांना पहिल्या आठवड्यात हे दोन सिनेमे लागोपाठ दाखवावेत. ‘कोर्ट’ शेवटच्या पाचातही आला नाही याचा मला राग होता. सॉल पाहिल्यावर राग उरला, पण तो सॉलवर नाही. ‘कोर्ट’ आपल्याच शहरातल्या किती लोकांनी पाहिला, त्यावर आहे.

अलीकडचं एक सांगून थांबतो. ‘लापता लेडीज’ पाठवला त्या वर्षी केवढा कल्ला झाला, पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ का नाही पाठवला म्हणून. (छाया कदम दोन्हींत आहेत, त्यामुळे त्या कुठल्याही बाजूने जिंकल्याच.) या सगळ्या भांडणात ब्राझीलचा ‘आय अॅम स्टिल हिअर’ जिंकून गेला ते कोणी फारसं पाहिलंच नाही. १९७१ मध्ये लष्करी राजवटीची माणसं रुबेन्स पायवाला घरातून घेऊन जातात, तो परत येत नाही. पाच मुलांची आई एउनिसे पुढे वकील होते आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला हातात पडायला १९९६ साल उजाडतं. दिग्दर्शक वॉल्टर सालेस. ‘जीन्स’च्या वर्षी यांचाच ‘सेंट्रल स्टेशन’ शेवटच्या पाचात होता आणि त्यात फर्नांदा मोंतेनेग्रो होती. इथे तिची खरीखुरी मुलगी फर्नांदा तोरेस एउनिसे झालीये आणि म्हातारपणीच्या एउनिसेच्या कामाला स्वतः मोंतेनेग्रो. आधी ‘सेंट्रल स्टेशन’ पाहा, मग हा.

क्रमाने पाहायची गरज नाही. घरात लहान मुलं असतील तर ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’पासून सुरू करा, आईवडील सोबत असतील तर ‘सन ऑफ द ब्राइड’. ‘एलिंग’ कोणासोबतही चालतो. ‘सन ऑफ सॉल’ मात्र रात्री जेवणानंतर सगळ्यांना गोळा करून लावण्याचा भैताडपणा करू नका. एकट्याने पाहा, दिवसा पाहा. कोणता सिनेमा कुठल्या अॅपवर आहे ते दर महिन्याला बदलतं, त्यामुळे ते मला विचारू नका. आणि कॅबिरियापेक्षा ‘मदर इंडिया’च भारी होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी खाली लिहा. पण कॅबिरिया पाहून मग.